बंदरावरची जुनी लॉजिंग-बोर्डिंग: स्लॅब टाकू की कौलं ठेवू?

ताई, तुमचा प्रश्न वाचला, फोटो पण नीट बघितले. म्हणजे परिस्थिती अशी की हर्णै बंदराजवळ तुमच्या पणजोबांची जांभ्याची माडीची खाणावळ, बोटीचे उतारू तिथे जेवायला-झोपायला थांबायचे, पुढे बोटी बंद झाल्या आणि घर नुसतंच राहिलं, १९८६ ला काकांनी आतून-बाहेरून सिमेंट प्लास्टर करून मागे स्लॅबचं संडास-बाथरूम काढलं, २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अर्धी कौलं उडाली तिथे निळे पत्रे आले, आणि आता तुम्हाला तिथे होमस्टे करायचाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो छप्पर उतरवून स्लॅब टाकू, भिंतींना वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर मारू, खाली व्हिट्रिफाइड टाइल, मग २५ वर्षं बघायला नको. आणि तुम्ही विचारताय की हे बरोबर आहे का, आणि चुन्याचं काम खरंच काही असतं की हल्लीची फॅशन आहे.

त्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर त्यातून फक्त छप्पर नीट करून घ्या, भिंतीला हात लावू देऊ नका. बाकी सगळं खाली सविस्तर लिहितोय, पण मुद्दा एकच आहे. तुमच्या घराचं जे वाटोळं झालंय ते समुद्राने केलेलं नाही, समुद्र तिथे पणजोबांच्या वेळेलाही होताच की. ते १९८६ च्या 'एकदाचं पक्कं करून टाकू' मधनं झालंय, आणि आता परत तेच करायचं चाललंय.

हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझ्या स्वतःच्या हातून झालंय. धंद्यात नवीन होतो, गुहागरच्या बाजूला समुद्रापासून दोनशे पावलांवरचं एक घर होतं, लोणा लागलेली (मीठ फुटून झडणारी) भिंत बघून मी सगळं जुनं खरवडून एक इंचाचं सिमेंट प्लास्टर मारलं, वर्षभर असं दिसलं की लोक बघायला यायचे. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ते पापुद्र्यासारखं निघालं नाही, लादीसारखं निघालं, आणि येताना चिऱ्याचं बोटभर जाड कातडं घेऊन आलं. आत नुसती लाल भुकटी. मालक बिचारे काही बोलले नाहीत, ओंजळभर भुकटी माझ्या हातावर ठेवली फक्त.

आता असं का होतं ते बघा. जांभा म्हणजे स्पंजच. खाणीतनं निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो, पण भोकं राहतातच. समुद्रकाठी जमिनीतनं ओल चढते, वाऱ्याबरोबर खार येतो, तो पाण्यात विरघळून भिंतीत शिरतो. भिंत सुकताना पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं आणि त्याचे खडे होतात, खडे फुगले की दगडाच्या भोकांच्या भिंती फोडतात. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर पाणी गिलाव्यातून बाहेर येतं, मीठ गिलाव्यात साचतं, गिलावा झडतो, आपण दर काही वर्षांनी नवा लावतो, दगड शाबूत. सिमेंट असेल तर पाण्याला बाहेर यायला वाट नाही, मग मिठाचे खडे कुठे होणार, तर प्लास्टरच्या मागे, म्हणजे दगडातच. जुन्या लोकांना हे शास्त्र म्हणून माहीत असेल नसेल, पण झडणारी गोष्ट कुठली ठेवायची आणि टिकणारी कुठली हे त्यांना पक्कं कळत होतं. आपण झडणाऱ्या गोष्टीला लाजायला लागलो तिथून सगळं बिघडलं.

आता इतिहासाचं. तुम्ही लिहिलंय की कागदपत्रं फार नाहीत, घर किती जुनं ते कसं कळणार. आधी हे घर असं का आहे ते बघू, कारण राहत्या घरापेक्षा याचा नकाशा वेगळा आहे हे तुमच्या फोटोतही दिसतंय.

कोकणात तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. घाट उतरून-चढून जाणारे होते पण किनाऱ्यावरच्या माणसाला बोटच. सुरुवातीला शेफर्ड कंपनीच्या बोटी, मग त्यातनंच पुढे आलेली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, आणि त्यांच्याशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या जोरावर उभी राहिलेली सहकारी कंपनी, जिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. तिच्या बोटींची नावं पण बघा, जयंती, तुकाराम, रामदास. भाविक उतारू देवाच्या-संतांच्या नावाच्या बोटीत विश्वासाने बसेल असा हिशोब. जयंती आणि तुकाराम १९२७ च्या नोव्हेंबरातल्या वादळात बुडाल्या, आणि १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'रामदास बुडाली त्या साली' हे अजूनही येतं, जन्मतारखा त्यावरून सांगतात.

हर्णैला बोट धक्क्याला लागायची नाही, लांब पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बाजूला उभी राहायची, आणि उतारू पडावातनं तिच्यापर्यंत जायचे. बोटीची वेळ वाऱ्यावर. दापोलीकडच्या आतल्या गावातला माणूस बैलगाडीने आदल्या संध्याकाळीच बंदरावर येऊन बसायचा, कारण बोट चुकली तर परत दिवस मोजत बसा. मुंबईहून आलेला माणूस अवेळी उतरायचा, त्याला बोट लागलेली असायची (हा शब्द कसला भारी आहे बघा, बोट बंदराला लागते आणि माणसालाही लागते), त्याला आधी आडवं व्हायचं असायचं आणि मग सार-भात. म्हणजे बंदरावरच्या खाणावळीला काय लागणार? भरपूर लांब ओटी जिथे ट्रंका-वळकट्या घेऊन तीस-चाळीस माणसं टेकतील, मोठी चूल, गोड्या पाण्याची विहीर, माडीवर बायकामुलांसाठी चार-पाच चिमुकल्या खोल्या, आणि समुद्राकडे एक खिडकी जिथून बोटीचा धूर दिसला की खाली ओरडून सांगता येईल. तुमच्या माडीच्या पश्चिमेकडच्या भिंतीत ती एकच एवढीशी खिडकी बाकीच्या खिडक्यांशी न जुळणारी आहे ना, काका म्हणतात ती चुकून राहिलीय, ती चुकून नाही राहिलेली असं मला वाटतं. बुजवू नका.

दुसरं म्हणजे तुम्ही म्हणता पुढे दोन दारं आहेत, दोन जेवणघरं, मधली भिंत पाडून एक मोठा हॉल करायचाय. असली दोन दारं मी दोन-तीन बंदरांत बघितलीत. त्या काळात पंगती जातीने वेगळ्या बसायच्या, पाणी वेगळं, काही लोकांना तर आत घेतच नसत, ओटीखालीच पान वाढायचे. तुमचीही दोन दारं बहुतेक त्यातलीच. हे सांगायला मला बरं वाटत नाही आणि तुम्हालाही होमस्टेच्या माहितीपत्रकात लिहावंसं वाटणार नाही, पण ती भिंत पाडली की तेही पुसलं जातं, आणि मग उरतं ते नुसतं 'पूर्वी किती छान होतं'. शिवाय ती भिंत माडीच्या तुळया पेलतेय, त्यामुळे तसंही पाडू नका. दार मोठं करा हवं तर, वर लाकडी तुळईचा टेकू देऊन.

साल काढायचं असेल तर पहिल्यांदा कौलं उलटी करून बघा. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनवाल्यांनी मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला, आणि ही कौलं गलबतांतनं किनाऱ्या-किनाऱ्याने वर आली, म्हणजे तुमचे उतारू आणि तुमचं छप्पर एकाच वाटेने आलं म्हणायचं. पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस म्हणून मिशनचे कारखाने हातातून गेले आणि नंतर कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे आले, त्यामुळे बासेल मिशनचा शिक्का असेल तर कौल त्याच्या आधीचं धरायला हरकत नाही. पण सावध, कौलं घर बदलतात, एकाची पडली की दुसऱ्याची लावतात, पाच-दहा कौलांवरून निकाल देऊ नका, पन्नास तरी बघा. आणि वाश्यांवर जुन्या नळ्यांच्या खुणा राहिल्यात का तेही बघा, कारण मंगलोरीच्या आधी हाताने केलेले अर्धगोल नळे असायचे, त्यांना रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) दाट लागतात. रिपांच्या खिळ्यांची जुनी भोकं दाट असली तर घर कौलांपेक्षा जुनं.

जमिनीवर ती नक्षीची सिमेंटची लादी आहे ना ओटीवर, हिरवी-तांबडी, ती मागून आलेली. आपल्याकडे असल्या लाद्या करणारी मुंबईची भारत टाइल्स १९२२ ची, त्याआधी बऱ्याचशा परदेशातून यायच्या, म्हणजे खाणावळ जोरात चालत असताना कधीतरी तुमच्या पणजोबांनी हौसेने बसवली असणार. एक विनंती, पॉलिशवाल्याला मशीन लावू देऊ नका. रंगाचा थर वरच्या काही मिलिमीटरचाच असतो, मशीन फिरलं की नक्षी गेली. साबणाचं पाणी, नारळाची किशी आणि माणसाचा हात, बस.

कागद म्हणाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका. हे इतिहासासाठी कमी आणि सीआरझेडसाठी, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांसाठी, जास्त लागेल. तुमचं घर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत आहे असं फोटोवरून वाटतंय, तिथे नवीन बांधकामावर कडक निर्बंध असतात, पण आधीपासून असलेल्या अधिकृत घराची आहे त्याच जोत्यावर आणि आहे तेवढ्याच क्षेत्रात दुरुस्ती करता येते. पहिली सीआरझेडची अधिसूचना १९९१ च्या फेब्रुवारीतली, त्याच्या आधीपासून घर आहे हे दाखवणारा कागद जपून ठेवा. कौलारू घर पाडून स्लॅबचं केलं तर ही दुरुस्ती की नवं बांधकाम हा वाद अंगावर येतो, हे पण कॉन्ट्रॅक्टरला विचारा, त्याचं उत्तर काय येतंय ते बघा.

आता काम. पहिलं छप्पर, दुसरंही छप्पर. ३ जून २०२० ला दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर काय झालं ते तुम्ही बघितलंयच, पण छपरं कशी गेली ते नीट बघा. बहुतेक ठिकाणी वारा वळचणीखालून शिरला आणि कडेच्या ओळी आधी उचलल्या, मग आतली सगळी पत्त्यासारखी. मंगलोरी कौलाला पोटाकडे तारेसाठी भोक असतं, ते काय उगाच नाही ठेवलेलं. वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्याची कौलं आणि कोनवाश्यांच्या कडा तांब्याच्या तारेने रिपांना बांधा, लोखंडी तार दोन वर्षांत खारात गळते. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या स्टेनलेस घ्या आणि ३१६ ग्रेड मागा, ३०४ इथे डाग धरतं. खरी पितळेची मिळाली तर उत्तमच. कौलं १०० चौरस फुटाला साधारण १४०-१५० लागतात, पाडलेल्या घरांची जुनी विकत मिळतात, टिचकी मारून खणखणीत वाजतात तीच घ्या. निळे पत्रे काढाच, गरम तर होतातच पण त्यांच्या खाली रात्री घाम सुटतो आणि तो थेट वाश्यांवर.

स्लॅबबद्दल एवढंच की समुद्रकाठी सळीपर्यंत मीठ पोचतं, सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो, आणि ते वरचं सगळं ओझं तुमच्या जुन्या चिऱ्यांच्या भिंतीवर, ज्यांना कायम हलकं छप्पर पेलायची सवय. १९८६ च्या बाथरूमच्या स्लॅबचा फोटो पाठवलात त्यात सळ्या उघड्या पडल्यात. कॉन्ट्रॅक्टरला तोच फोटो दाखवा.

लाकूड बघून मला बरं वाटलं. खांब फणसाचे दिसतायत, तुळया ऐन किंवा किंजळ. खांबाचा खालचा हातभर भाग वाळवीने-ओलीने खाल्लाय म्हणून आख्खा खांब बदलू नका, सडलेलं कापून त्याच जातीचं जुनं लाकूड खाच-कुसू करून जोडता येतं, चांगला सुतार हवा, लोखंडी पट्ट्या मारून काम उरकणारा नको. खाली दगडाची उथळी ठेवा म्हणजे लाकूड थेट जमिनीला टेकणार नाही. आणि काजूच्या टरफलांचं तेल, काळं, वासाचं, हाताला लागलं तर कातडी सोलवटणारं, होड्यांना लावतात ते, वाश्यांच्या भिंतीत जाणाऱ्या टोकांना लावा. हातमोजे घालून. त्याचा वास महिनाभर राहतो, पाहुणे येण्याआधी करून टाका.

भिंती. इथे घाई केलीत तर सगळं मुसळ केरात. पावसाळा संपला की खालच्या चार फुटांचं सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायला घ्या, ब्रेकर अजिबात नाही. जिथे सिमेंट घट्ट धरलंय आणि काढताना दगड येतोय तिथे थांबा, तेवढं राहू दे, खालून भिंत सुकायला लागली की वरचं आपोआप सुटतं, मी एका घरात तीन वर्षं तसंच ठेवलं होतं. सिमेंट काढल्यावर भिंत नोव्हेंबर ते मे उघडीच ठेवायची. हे कुणाला पटत नाही. लोक म्हणतात घर नागडं दिसतं. दिसू दे. मीठ पांढरं फुलून बाहेर येईल, ते कोरड्या ब्रशने झाडून ताडपत्रीवर गोळा करायचं आणि लांब नेऊन टाकायचं. पाण्याने धुवायचं नाही, कारण मग ते विरघळून परत आत जातं, आणि आमचे गवंडी नेमकं हेच करतात, सवयच तशी. फार खारावलेल्या जागी गोड्या पाण्यात कालवलेला कागदाचा लगदा थापायचा, सुकला की मीठ घेऊन निघतो.

त्याच वेळी घराभोवती बघा. अंगणात पेव्हर ब्लॉक घातलेत ते भिंतीपासून तीन फूट तरी काढून टाका, जमीन जोत्याच्या वर आलीय ती खाली उतरवा, पागोळ्या पडतात तिथे खडीचा चर काढून पाणी बाहेर न्या. निम्मी ओल यातच जाते आणि याला कुणी हेरिटेज वगैरे म्हणत नाही म्हणून कुणी करत नाही.

मग चुना. फॅशन आहे का, तर हो, फॅशनवाला पण आहे, मेथी-उडीद-बेलफळ-गूळ अशी बारा औषधं सांगून चौपट पैसे घेणारे आलेत. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी जुन्या कामात वापरायचेच, त्याला अर्थ आहे, पण मूळ चुनाच नीट मुरलेला नसेल तर गूळ घालून काय होणार, मुंग्या येतील. कळीचा चुना आणून खड्ड्यात भिजवा (डोळ्याला गॉगल लावूनच, उकळतो तो, मुलांना लांब ठेवा), वर पाणी ठेवून निदान दोन-तीन महिने मुरू द्या, लोण्यासारखा झाला पाहिजे. तुमच्या जुन्या दर्जा (दगडांमधले सांधे) उकरल्यात तर पांढरे शिंपल्याचे तुकडे दिसतील, तेव्हा किनाऱ्यावर शिंपले भाजूनच चुना करायचे. पहिल्या हाताला एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्यातला थोडा भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. वाळू खाडीची नको, कितीही स्वस्त मिळाली तरी नको, एवढं मीठ काढून परत मीठच लावण्यासारखं आहे ते. पातळ थर, प्रत्येक थराला वेळ, ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला ओल पण हवी आणि हवा पण, पावसाळ्यात भिंतीची भोकं पाण्याने भरलेली असली की हवा आत जात नाही आणि तो कच्चाच राहतो. म्हणून भिंत सुकवल्यावर पुढच्या वर्षी दिवाळीनंतर चालू करा आणि फेब्रुवारीपर्यंत आटपा. वरून चुन्याचीच सफेदी, रंग हवा तर पिवडी, काव, नीळ. प्लास्टिक पेंट मारलात तर वरचं सगळं लिहिलेलं वाया.

आणि पहिला गिलावा पाच-सहा वर्षांत खालून झडेल. झडू दे, त्यासाठीच तो आहे, उरलेलं मीठ त्यातनं बाहेर येतंय.

खर्चाचं तुम्ही विचारलंत. न बघता आकडा सांगणार नाही, पण सामान स्वस्त, मजुरी आणि वेळ महाग, आणि स्लॅबवाल्याच्या एका सीझनऐवजी तुम्हाला दोन सीझन लागतील. बाथरूम खोल्यांच्या आत घुसवू नका, मागच्या पडवीच्या जागी हलकी, वेगळ्या पायावर, पाइप सगळे बाहेरून. एसी एका खोलीत ठेवा हवा तर, बाकी झिलमिली उघड्या आणि पंखे, बंद गार खोलीत या भिंती घामेजतात.

एक राहिलं. हर्णैकडच्या बोटी पावसाळ्यात बंद असायच्या, म्हणजे खाणावळही बंद. मग मे अखेर घरची माणसं पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधायची, कौलं परतून घ्यायची, आणि घर पावसाळाभर तोंड झाकून बसायचं, ते थेट नारळी पौर्णिमेनंतर उघडायचं. घर टिकलं त्याचं निम्मं श्रेय या झापांना आहे. तुमच्या पश्चिमेच्या फोटोत वळचणीखाली ओळीने लाकडी खुंट्या दिसतायत, ज्यांना काका 'कपडे वाळत घालायला असतील' म्हणाले, त्या झापांच्या आहेत. प्लास्टरवाल्याने त्यातल्या चार कापल्यात. सुताराला सांगून तेवढ्या चार आधी बसवून घ्या, आणि येत्या मे मध्ये झापं विणणारं कुणी आंजर्ल्या-केळशीकडे मिळतंय का आत्तापासूनच विचारून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.